येणे बाकी

विद्यापीठाच्या तळघरात, बॉयलरला लागून,
आमच्या क्लबची सामानाची खोली.
दार अडकतं, खांद्याने रेटावं लागतं.
आत ओली लोकर, रॉकेल
आणि कुठल्या तरी पातेल्यात थिजलेली मेंढीची चरबी.
यंदा किल्ली माझ्याकडे,
कारण बैठकीला उशिरा पोचलो
आणि तेवढंच पद उरलं होतं.

क्लबची शंभरी आली, इतिहास लिहायचा ठरलाय.
अध्यक्ष शिखरांची यादी करतोय.
मी देवघेवीची वही वाचतोय.

पान पहिलं, एकोणीसशे सत्तावीस.
अंबाडीचा दोर, शंभर फूट. नेला : मर्डो गिलिस.
परत : हो. शेरा : ओला.
खालच्या ओळीत तोच दोर, दुसरा माणूस.
शेरा : अजून ओलाच.

मग एका उन्हाळ्यात, म्हणजे आमच्या डिसेंबरात,
पन्हळी पत्रे, चोवीस.
नेले सहा जणांनी, पाठीवरून, दोन दिवस, बीचच्या जंगलातून,
वारा सुटला की माणसासकट उडू बघणारे.
परत : या रकान्यात पेन्सिलीने
"त्यांची झोपडी झाली."

एकोणचाळीस. तंबू क्रमांक चार. इयन फेदरस्टन.
तंबू परत आला, तीन वर्षांनी, टपालाने.
त्याच्या आईने धुतलेला,
इस्त्री केलेला.
तंबूला कुणी इस्त्री करतं का?

बासष्टमध्ये बुटांच्या नाड्या, आठ जोड.
शेरा : कीआने खाल्ल्या.
पुढच्या महिन्यात : कीआने पुन्हा खाल्ल्या.
तिसऱ्यांदा खजिनदाराने लाल शाईत :
त्या पोपटाला सभासद करा, निदान वर्गणी तरी मिळेल.
त्याच पानावर, सहा ओळी सोडून,
नदी ओलांडायचा दोर. नेला तिघांनी.
परत केला दोघांनी.
पुढचं पान कोरं आहे. त्याच्या पुढचंही.

आणि एक नोंद अख्ख्या वहीत लोंबकळत राहिलेली.
दरवर्षी नवा कारकून ती नव्या पानावर उतरवतो,
वाडवडिलांचं कर्ज उतरवावं तशी :
बर्फकुऱ्हाड क्रमांक सतरा. एच. कॅल्डर. जुलै त्रेपन्न.
येणे बाकी.

हेमिश कॅल्डर, अध्यक्ष म्हणतो.
हिवाळ्यात पूर्वेची धार चढणारा पहिला गडी.
यादीत आहे, ठळक अक्षरात.

काल दुपारी दार कुणीतरी बाहेरून रेटलं.
"अजून अडकतंच का हे," म्हणत
त्र्याण्णव वर्षांची बाई आत आली,
हातात काठी.
काठीच्या टोकाला रबरी बूच,
मूठ लोखंडाची, चोच झिजलेली,
दांड्यावर पुसट सतरा.

"हेमिश दातांचं शिकत होता," ती म्हणाली.
"शिडीवर चढला तरी गरगरायचं त्याला.
मुलींना हिवाळी मोहिमेची मनाई होती,
आणि वहीत पूर्ण नाव लिहा असं
कुणी म्हटलं नव्हतं."

मी दंडाचा हिशेब मांडला.
आठवड्याला सहा पेनी, तीन हजार आठशेच्या वर आठवडे,
आणि ती नाणी तर केव्हाच बंद झाली.
तिने शांतपणे ऐकून घेतलं.
मग स्टुलावर बसली, धाप ओसरू दिली,
कोपऱ्यातल्या दोराला हात लावून पाहिला.

"परत द्यायला नाही आले रे," म्हणाली,
"मुदत वाढवून हवी आहे.
जिन्याला बारा पायऱ्या आहेत तुमच्या."

मी नवी ओळ काढली.
हेस्टर कॅल्डर, तिने लिहिलं, सावकाश,
एचनंतर पेन जरा थांबलं.
नेल्याची तारीख घातली.
परतच्या रकान्यात काय लिहू, विचारलं, तर
ती तोवर दाराशी पोचली होती,
आणि दार, नेहमीप्रमाणे, अडकलं होतं.